सरकारी जागेवरचे घर आणि पेटीतली नोटीस

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. विहारात वंदना आटोपली होती आणि आम्ही दोघे-तिघे सतरंज्या गुंडाळत होतो. एवढ्यात शेजारच्या झोपडपट्टीतील एक मावशी आल्या. हातात दुधाची रिकामी पिशवी आणि पिशवीत चार घड्या घातलेला कागद.

"भाऊ, ह्यो कागूद काय म्हणतुया बघ की."

कागद म्हणजे नोटीस होती. आपण शासकीय जागेवर विनापरवाना पक्के बांधकाम केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी पंधरा दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजून अतिक्रमण काढण्यात येईल व खर्च आपणाकडून वसूल केला जाईल. मी तारीख पाहिली आणि पोटात गोळा आला. दहा दिवस उलटून गेले होते.

"मावशी, इतके दिवस कुठे होता हा कागद?"

"पेटीत हुता. शिपाई दाराला चिकटवून गेला. पोरं फाडत्याली म्हणून म्या काढून पेटीत ठेवला. समदं म्हत्त्वाचं कागूद म्या पेटीतच ठेवते."

मावशींचे घर साधे आहे. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून नवऱ्याबरोबर सोलापूरला आल्या. नवरा गिरणीत बदली कामगार, मावशी घरी विड्या वळायच्या. आधी चार बांबू आणि पोती, मग पत्रे, मग मातीच्या भिंती, मग विटा. गेल्या वर्षी नातवाचे लग्न ठरले म्हणून पत्रे काढून स्लॅब टाकला. पन्नास वर्षे पत्र्याखाली राहिल्या तेव्हा कोणाला त्यांचे घर दिसले नाही, स्लॅब पडताच दिसले. हे आपल्याकडे नेहमीच असे होते. गरिबाचे घर जरा बरे दिसू लागले की कोणी तरी अर्ज करतो.

पण माझा खरा संताप दुसऱ्याच कागदावर झाला. पिशवीत आणखी एक कागद होता. वस्तीतील एका पुढाऱ्याच्या माणसाने "मुदत वाढवून देतो" म्हणून मावशींचा अंगठा घेतला होता. वाचून पाहिले तर त्यात लिहिलेले की, सदर बांधकाम अनधिकृत असल्याचे मला मान्य असून एक महिन्यात मी ते स्वखुशीने काढून घेईन, त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही. मावशींना हे कोणी वाचून दाखवले नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, "स्वखुशीने" हा शब्द सरकारी कागदात दिसला की सावध व्हा. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस आहे. वीस वर्षांहून अधिक काळ आवक-जावक सांभाळली आहे. गरीब माणसाने स्वखुशीने काही सोडून दिल्याचे एकही प्रकरण माझ्या टेबलावरून गेलेले मला आठवत नाही.

मावशींचा तो अंगठा पाहून मला मुंबईचा एक जुना खटला आठवला. तो आपल्या प्रत्येक वस्तीत माहीत असायला हवा, कारण त्यातही असेच "सोडून दिले" म्हणून लिहून झाले होते.

१३ जुलै १९८१ रोजी त्या वेळचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईतील फुटपाथवर राहणाऱ्या सर्वांना हटवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवण्यात येईल. ऐन पावसाळ्याचे दिवस. कारण सांगितले ते मोठे मजेचे. हे जगणे अमानुष आहे, पावसात या लोकांचे हाल होतात! हाल होतात म्हणून भर पावसात डोक्यावरचे प्लास्टिक काढून घ्यायचे, ही दयेची रीत मला अजून कळलेली नाही.

ज्यांची घरे गेली त्यातील दोघांची हकीगत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. एक होता तामिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ साली तो मुंबईला आला. दहिसरच्या एका रासायनिक कंपनीत त्याला दिवसाला २३ रुपये मिळत. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा मिळावा म्हणून झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. म्हणजे शंभराहून अधिक दिवसांची मजुरी. त्या आडोशात तो, बायको आणि तीन मुली. २३ जुलै १९८१ रोजी महापालिकेच्या लोकांनी झोपडी पाडली आणि सगळ्या कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवून दिले. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

दुसरा आपल्या जवळचा, नगर जिल्ह्यातील संगमनेरचा. चांभारकाम करून रोजचे सात-आठ रुपये मिळवणारा. गावचे घर पडले म्हणून १९६९ साली मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला ३०० रुपये तेथील गुंडाला दिले, बांबू आणि प्लास्टिकला ७०० रुपये लागले. त्याचीही झोपडी पाडली, त्याने पुन्हा उभी केली. हे वाचताना मावशींचे बदली कामगार मालक माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

या दोघांबरोबर ओल्गा टेलिस या पत्रकार बाई न्यायालयात गेल्या, म्हणून तो खटला त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच सुमारास विलेपार्ले पूर्वेच्या कामराजनगरचे रहिवासी आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ही वस्ती महामार्गालगत पाण्याचे पाइप टाकण्याच्या कामावरील मजुरांनी १९६०-६१ च्या सुमारास वसवली होती. शहराला पाणी ज्यांनी आणले त्यांच्याच झोपड्या अतिक्रमण ठरल्या होत्या.

आता मुद्द्याची गोष्ट. उच्च न्यायालयात कामराजनगरवाल्यांच्या बाजूने असे कबूल केले गेले होते की, फुटपाथवर किंवा सार्वजनिक रस्त्यावर झोपडी बांधण्याचा आमचा मूलभूत हक्क नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर झोपड्या पाडल्या तर आम्ही अडथळा करणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात सरकारने आणि महापालिकेने हेच बोट दाखवले. तुम्हीच तर कबूल केले होते, आता कसे बोलता? त्यावर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ च्या निकालात साफ सांगितले की, मूलभूत हक्क हे कोणी सोडून देतो म्हटल्याने सुटत नाहीत. राज्यघटनेविरुद्ध कबुलीजबाबाचा अडसर उभा करता येत नाही. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड.

याच निकालात न्यायालय म्हणाले की, घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. माणूस फुटपाथवर हौसेने राहत नाही, कामाच्या जवळ राहिला नाही तर काम जाते आणि काम गेले तर जगणे जाते. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ३१४ प्रमाणे आयुक्त "नोटीस न देता" रस्त्यावरील अतिक्रमण काढू शकतात. न्यायालयाने ते कलम रद्द केले नाही, पण त्याचा अर्थ लावून दिला. नोटीस न देता काढू शकतात, याचा अर्थ नोटीस देऊच नये असा नाही. एरवी माणसाला ऐकून घेतलेच पाहिजे. आणि ऐकून घेतल्याने निकाल बदलेल एवढ्यासाठीच नव्हे. ज्याचे घर जाणार आहे त्याला आपले म्हणणे मांडू देणे यालाच स्वतःची अशी किंमत आहे, असे न्यायालयाने मानले.

आपल्या सभांमधून हा निकाल फार मोठा विजय म्हणून सांगितला जातो. विजय होताच, पण सभेत पुढचे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. त्या झोपड्या वाचल्या नाहीत. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना जाईपर्यंत, त्या काढू नयेत एवढेच न्यायालय म्हणाले. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होऊन ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी आणि वीस वर्षांहून जुन्या, सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामाला जागा लागल्याशिवाय हलवू नयेत, हेही सांगितले. थोडक्यात, एवढ्या मोठ्या खटल्यात घर हक्काने मिळाले नाही. मिळाली ती सुनावणी. आणि पर्यायी जागा कोणाला, हे १९७६ च्या एका कार्डाने ठरवले.

तेव्हा मावशींना मी पहिली गोष्ट सांगितली ती ही: "मावशी, ही नोटीस म्हणजे घर पाडायचा हुकूम नव्हे. तुम्हाला बोलायला बोलावले आहे. तुम्ही बोलायलाच गेला नाहीत तर ते म्हणणार, बाईंचे काही म्हणणे नाही."

दुसरी गोष्ट, "पेटी घेऊन या."

पेटी आल्यावर आम्ही विहाराच्या ओट्यावर ती उघडली. नवऱ्याचे गिरणीचे कार्ड, मावशींचे विडी कामगाराचे ओळखपत्र, थोरल्या मुलाचा १९८४ चा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी रेशनकार्डे, वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. पन्नास वर्षांचा पुरावा एका पत्र्याच्या पेटीत, आणि त्याच पेटीत तळाशी नोटीस दहा दिवस पडून!

आता थोडे कामाचे सांगतो. आमच्या विहारात दर रविवारी असे कागद घेऊन माणसे येतात आणि त्यांच्या मनात तेच ते गैरसमज असतात.

आधी जागा कोणाची ते पाहा. "सरकारी" म्हणजे एकच मालक नव्हे. नोटिशीच्या डोक्यावर कोणाचे नाव आहे ते वाचा. तहसीलदाराची नोटीस असेल तर बहुधा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ५० लिहिलेले असते. महापालिकेची असेल तर महापालिका अधिनियमाचे कलम २६०, म्हणजे विनापरवाना बांधकाम. रस्त्यावरील असेल तर कलम २३१. महापालिकेच्या स्वतःच्या जागेतून काढायचे असेल तर कलम ८१-ब. रेल्वेलाइनलगत राहणाऱ्यांना केंद्राचा सार्वजनिक जागांबाबतचा १९७१ चा कायदा लागतो. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, शहराच्या कडेला असाल तर सातबारा काढा. कधी कधी जागा ज्याने नोटीस दिली त्याची नसतेच, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

"आम्ही घरपट्टी भरतो, मग घर आमचे." नाही हो. घरपट्टीची पावती तुम्ही तेथे राहता याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. अनधिकृत बांधकामाला शास्ती लावूनही कर घेतात आणि तरी ते बांधकाम अधिकृत होत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. वीजबिलाचेही तेच. मात्र या पावत्या फेकू नका, कारण किती वर्षांपासून राहता हे त्यांवरूनच ठरते.

"बारा वर्षे झाली की जागा आपली होते." हा समज तर आजोबांपासून चालत आला आहे. बारा वर्षांची मुदत खासगी मालकाच्या बाबतीत. सरकारला जागेसाठी दावा करायला तीस वर्षांची मुदत आहे. तीस वर्षे झाली म्हणून आपोआप कोणी उताऱ्यावर नाव लावत नाही, ते कोर्टात सिद्ध करावे लागते आणि ते सोपे नाही.

"नोटरी केलेला बॉण्ड आहे." हे सर्वांत वाईट. मुंबईच्या झोपडीदादाने २,५०० रुपये घेतले, पण निदान बॉण्ड दिला नाही. आता आपले लोक शंभराच्या स्टॅम्पवर सरकारची जागा विकतात आणि आपलेच लोक दागिने मोडून ती घेतात. जी जागा विकणाऱ्याची नाही ती नोटरीच्या शिक्क्याने तुमची कशी होईल? आणखी एक कटू गोष्ट लिहितो, रागावू नका. पाडायला येणार असे कळले की आदल्या रात्री चौथरा उभा करून निळा झेंडा लावायचा आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवायचा, असे प्रकार काही ठिकाणी होतात. तीन-तीन प्लॉट धरून भाड्याने देणारा माणूसच यात बहुधा पुढे असतो. त्याच्या गाळ्यासाठी बाबासाहेबांना राखणीला बसवायचे का, हे वस्तीने ठरवावे. हा लेख त्याच्यासाठी नाही. एका खोलीत तीन पिढ्या काढणाऱ्या कुटुंबासाठी आहे.

खुलासा लिहिताना अक्षर कसेही असो, चार गोष्टी याव्यात: कधीपासून राहता, पुरावे कोणते, दुसरीकडे घर नाही आणि प्रत्यक्ष सुनावणी मागता. महसूल संहितेच्या कलम ५१ प्रमाणे अतिक्रमण नियमानुकूल करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, तीही विनंती त्यातच करा. पती-पत्नी दोघांच्या नावे करा. खुलासा दोन प्रतींत न्या. एक आत द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. टेबलावरचा माणूस "ठेवा इथे, साहेब बघतील" म्हणेल. मीही तसे म्हणत आलो आहे! ठेवू नका. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. तहसीलदाराचा हुकूम विरुद्ध गेला तर साठ दिवसांत प्रांतांकडे अपील होते. वकिलाची फी नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे. बौद्ध म्हणून दाखला काढला तर ही सवलत जाईल, अशी धास्ती काही जण घेतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या कायद्यातही ते संरक्षण आहे.

नियमानुकूल करण्याबाबत शासनाने २०१८ मध्ये ग्रामीण आणि शहरी भागांसाठी निर्णय काढले. त्यात १ जानेवारी २०११ पूर्वीच्या निवासी अतिक्रमणाचा विचार आहे. रस्ता, नाला, आरक्षणाची जागा यांवरील घरांना सहसा तेथेच कायम करत नाहीत. असे निर्णय बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर न राहता चालू निर्णयाची प्रत माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून मागा.

आपल्या लोकांनी ज्याची प्रत पेटीत ठेवावी असा आणखी एक निकाल आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरने घरे पाडण्याबाबत देशभरासाठी नियम घालून दिले. निकाल देणारे न्यायमूर्ती होते भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन. रिपब्लिकन चळवळीतील दादासाहेब गवई यांचे भूषण गवई हे चिरंजीव. पुढे मे २०२५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाले. या निकालाप्रमाणे नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली पाहिजे आणि घरावरही चिकटवली पाहिजे. निदान पंधरा दिवस दिले पाहिजेत. मागील तारीख टाकून नोटीस दाखवता येऊ नये म्हणून तिची खबर लगेच जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला ई-मेलने गेली पाहिजे. प्रत्यक्ष सुनावणी घेऊन तिची नोंद ठेवली पाहिजे. पाडणे हाच एकमेव मार्ग का उरतो, ते हुकुमात लिहिले पाहिजे. हुकूम झाल्यावरही आणखी पंधरा दिवस थांबले पाहिजे. हे मोडले तर अधिकाऱ्याच्या पगारातून भरपाई होऊ शकते.

मात्र या निकालाचीही एक बाजू सभेत सांगितली जात नाही. रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेलाइनलगतची जागा, नदी किंवा तलाव यांवरील बांधकामांना आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेल्या बांधकामांना हे नियम लागू नाहीत. म्हणजे १९८१ साली ज्यांच्यासाठी भांडण झाले त्या फुटपाथवाल्यालाच या नव्या निकालाची ढाल नाही. त्याला अजून १९८५ च्या निकालावरच भागवावे लागते.

निकाल झाला म्हणून तो कचेरीत पोचतो असेही नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीतील एका आरोपीचे घर पाडले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, पण तोवर घर गेले होते. पुढच्या महिन्यात महापालिकेच्या आयुक्तांनी न्यायालयात माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या अधिकाऱ्यांना माहीत नव्हता, असे त्यांचे म्हणणे! म्हणून म्हणतो, प्रत जवळ ठेवा आणि खुलाशाला जोडा.

आपल्या सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानतळाला अडथळा म्हणून १५ जून २०२३ रोजी महापालिकेने पाडली. त्याआधी कित्येक वर्षे नोटिसा, सुनावण्या आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. चिमणीचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय आहे. पण चिमणीला जेवढे ऐकून घेतले गेले त्याच्या दहावा हिस्सा तरी मावशीच्या स्लॅबला मिळावा, एवढे मागणे फार झाले का?

गावाकडच्या नातेवाइकांचे हाल निराळेच आहेत. गावात आपल्याला जागा कोणी दिली होती? गावकुसाबाहेर, गायरानाच्या कडेला जे मिळाले तेथे बापजाद्यांनी घर घातले. पडीक जमीन भूमिहीनांना द्या म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली लाखो लोक तुरुंगात गेले. त्या लढ्यामुळे सरकारला पुढे गायरानावरील जुन्या कब्जांचा विचार करावा लागला. पण २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हटले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे वर्षअखेर काढायला सांगितली, तेव्हा गावोगाव घबराट झाली. २०११ च्या त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर पट्टा दिला असेल तर तो अपवाद मानला आहे. ज्यांच्या आजोबाला पट्टा मिळाला आणि ज्यांनी तो हरवला, त्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल शोधावी. ग्रामपंचायतीला उभे राहणाऱ्या भगिनींनीही लक्षात ठेवावे. सासऱ्याने किंवा नवऱ्याने सरकारी जागेवर घर बांधले असेल आणि तुम्ही त्यात राहत असाल, तर सदस्यपद जाते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या बाईला खाली खेचायला विरोधकांना एवढे पुरते.

खुलासा लिहून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "आमच्या संगतीनं इड्या वळणाऱ्या बायका कुंभारीला गेल्या. त्यांला कोण नोटीस देतंय?" खरे आहे. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम मास्तरांच्या संघटनेतून वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे २००६ मध्ये मिळवली. त्यानंतर रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. तेथील बाईला घर कोणाच्या जागेवर आहे म्हणून छातीत धडधड होत नाही. मावशी तेव्हा का गेल्या नाहीत? "मालक आजारी हुते. वर्गणी कुठनं भरू? आनि लांब किती." त्यांचे हे उत्तर संघटनेच्या कोणत्याही अहवालात येणार नाही, पण प्रत्येक वस्तीत अशा दहा-वीस मावशी मागे राहिलेल्या असतात.

शेवटच्या दिवसाच्या आत खुलासा दाखल केला. त्याबरोबर दुसरा अर्जही दिला की, अमुक तारखेच्या कागदावरील अंगठा मजकूर वाचून न दाखवता घेतला आहे, तो माझा कबुलीजबाब समजू नये. पोच घेतली. सुनावणीची तारीख लागली तेव्हा मी अर्धी रजा टाकून गेलो. मावशी ठेवणीतले पांढरे पातळ नेसून, पेटी सुनेच्या हातात देऊन, साडेदहालाच येऊन बाकावर बसल्या होत्या. नंबर साडेतीनला लागला.

साहेबांनी विचारले, "किती वर्षे राहता?"

मावशींनी वर्ष सांगितले नाही. पेटीतून मुलाचा शाळेचा दाखला काढून टेबलावर ठेवला, त्यावर विडीचे कार्ड, त्यावर रेशनकार्ड. म्हणाल्या, "साहेब, पोरगा तितंच जलमला, मालक तितंच गेलं. वरसं तुमी मोजा."

साहेबांनी कागद उलटून पाहिले, कारकुनाला झेरॉक्स फाईलला लावायला सांगितले आणि जागेची मोजणी मागवून पुढील तारीख दिली. निकाल अजून व्हायचा आहे. स्लॅब उभा आहे. बाहेर आल्यावर मावशींनी तारखेचा कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. परवा त्यांच्या घरी गेलो तर तो कागद पेटीत नव्हता. चुलीवरच्या भिंतीला, कॅलेंडरच्या खिळ्यालाच अडकवलेला होता.